हिरवा ट्रक नंतर, आधी खोक्यातली हवा

कंपनीची मालवाहतूक पर्यावरणपूरक करायची असं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच येतो: इलेक्ट्रिक ट्रक कधी घ्यायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर बराच नंतर लागायला हवा. धूर ट्रकच्या सायलेन्सरमधून निघतो खरा, पण तो किती निघणार हे ट्रक सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. खोक्याचं माप कशावरून ठरवलं, विक्री विभागाने ग्राहकाला कोणत्या तारखेचा शब्द दिला, साठा कुठल्या गोदामात ठेवला, अशा निर्णयांत ते दडलेलं असतं. अर्धा रिकामा धावणारा ट्रक डिझेलवरून विजेवर आणला, तरी माल नेण्यासाठी फेऱ्या तेवढ्याच लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवात दोन गोष्टींपासून करावी: गाडीत खरोखर काय भरलंय, आणि ते एवढ्या घाईने का चाललंय.

आधी मोजमाप

एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा आकडा अनेकांना पटत नाही, कारण लिटरभर डिझेलचं वजनच मुळी 840 ग्रॅमच्या आसपास असतं. बाकीचं वजन हवेतून येतं. डिझेलमधला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, आणि त्या दोघांचं वजन मिळून कार्बनच्या अडीचपटीहून जास्त भरतं. तेल उपसणं, शुद्ध करणं आणि पंपापर्यंत पोचवणं यातलं उत्सर्जन धरलं, तर आकडा 3 किलोच्या पुढे जातो. म्हणजे ज्या कंपनीकडे डिझेलची बिलं नीट लावलेली आहेत, तिच्याकडे पहिला हिशोब तयारच आहे.

पण नुसत्या लिटरवरून काम चांगलं चाललंय की वाईट, ते कळत नाही. धंदा वाढला की डिझेलही वाढणारच. त्यासाठी मालवाहतुकीत टन-किलोमीटर हे माप वापरतात: एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. या मापाने साधनांची तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. मोठ्या कंटेनर जहाजातून माल नेला तर टन-किलोमीटरमागे साधारण 5 ते 20 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रेल्वेने 15 ते 30 ग्रॅम, पूर्ण भरलेल्या मोठ्या ट्रकने 60 च्या पुढे, आणि विमानाने 500 ग्रॅमच्या वर, बऱ्याचदा त्याहूनही पुष्कळ जास्त. जहाज किती मोठं, रेल्वे विजेवर की डिझेलवर, ट्रक किती भरलेला, यावर आकडे खालीवर होतात. पण क्रम सहसा बदलत नाही.

एक हिशोब मांडून बघू. दोन टनांची खेप 8,000 किलोमीटर विमानाने गेली, तर 16,000 टन-किलोमीटर झाले. 600 ग्रॅमचा दर धरला, तर जवळपास साडेनऊ टन कार्बन डायऑक्साइड. तीच खेप समुद्रमार्गे वळसा घेऊन 12,000 किलोमीटर गेली, तर 15 ग्रॅमच्या दराने 360 किलो. अंतर दीडपट होऊनही उत्सर्जन पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी.

या मोजणीचे नियम ठरलेले आहेत. 2023 मध्ये आलेलं आयएसओ 14083 हे मानक आणि स्मार्ट फ्रेट सेंटर या संस्थेची ग्लेक ही चौकट, दोन्ही वाहतुकीचं उत्सर्जन कसं मोजायचं ते सांगतात. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल ही कंपन्यांच्या उत्सर्जनाचा हिशोब मांडायची नियमावली उत्सर्जनाचे तीन स्कोप, म्हणजे गट, करते. स्वतःच्या गाड्यांचं इंधन स्कोप 1 मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये, आणि इतरांच्या गाड्या, जहाजं, विमानं यांतून होणारी वाहतूक स्कोप 3 मध्ये. इथे एक पळवाट आहे आणि ती मला फार खटकते. कंपनी स्वतःचे ट्रक विकून तेच काम बाहेरच्या वाहतूकदाराला देते, तिचा स्कोप 1 झपकन खाली येतो, आणि अहवालात छान उतरता आलेख छापला जातो. रस्त्यावर मात्र तेवढेच ट्रक, तेवढंच डिझेल. म्हणून कुठल्याही कंपनीचे आकडे बघताना स्कोप 3 मधली वाहतूक मोजली आहे का, हे आधी तपासावं.

घाई कुठून येते

विमानाने जाणारा माल बहुतेक कंपन्यांत वजनाने थोडाच असतो, पण वरचा हिशोब पाहिला तर उत्सर्जनात त्याचा वाटा किती मोठा होत असेल हे लक्षात येईल. आणि हा सगळा माल विमानानेच जायला हवा असा नसतो. औषधं, नाशवंत वस्तू, बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग, यांना वेग लागतो हे मान्य. पण पुष्कळ खेपा विमानात चढतात त्या कुठेतरी उशीर झाल्यामुळे. मागणीचा अंदाज चुकला, कच्चा माल वेळेत आला नाही, उत्पादन दोन दिवस लांबलं आणि जहाजाची कटऑफ तारीख, म्हणजे माल स्वीकारायची शेवटची तारीख, हुकली. चूक नियोजनात झालेली असते आणि तिची भरपाई विमानाचं इंधन करतं.

यावर एक साधा उपाय आहे. विमानाने गेलेल्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवायची: कारण काय, मंजुरी कोणी दिली, आणि जादा भाडं कोणत्या विभागाच्या खात्यावर पडलं. हे भाडं सरसकट लॉजिस्टिक्सच्या नावावर टाकलं, तर विक्री आणि उत्पादन विभागांना त्याची झळ लागत नाही. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या खात्यावर ते दिसायला लागलं, की तातडीच्या खेपांची संख्या आपोआप चर्चेत येते.

रस्त्यावरची घाईही अशीच असते. महिनाअखेर जवळ आली की विक्रीचं टार्गेट गाठण्यासाठी जे हातात असेल ते रवाना करायची धावपळ सुरू होते. शेवटच्या चार दिवसांत अर्धवट भरलेले ट्रक निघतात आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक, म्हणजे गोदामाची ट्रक भरायची-उतरवायची जागा, ओस पडतो. एकूण माल तेवढाच, गाड्या मात्र जास्त. ज्या ग्राहकांना तारखेने फरक पडत नाही, त्यांच्या ऑर्डर महिनाभर पसरवल्या तर हे बरंच टळतं. ग्राहकाला नुसतं विचारलं तरी चालतं: उद्याच हवंय, की सगळा माल एकत्र गुरुवारी आला तरी चालेल? त्याने तीन वस्तू मागवल्या आणि त्या तीन गोदामांतून तीन वेगवेगळ्या पार्सलांत निघाल्या, तर त्यालाही तीनदा दार उघडावं लागतं.

दोन सेंटिमीटरची गोष्ट

आता खोक्याकडे वळू. या विषयाकडे फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सुधारणा इथेच होते.

पॅलेट म्हणजे ज्यावर खोकी रचून फोर्कलिफ्टने उचलतात ती सपाट फळी. 1200 बाय 1000 मिलिमीटरचं पॅलेट पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. समजा कंपनीचं खोकं 40 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच आहे. पॅलेटवर त्याचा एक थर लावायचा. लांब बाजू पॅलेटच्या 120 सेंटिमीटरच्या बाजूला धरून तीन-तीन खोक्यांच्या दोन रांगा, म्हणजे सहा. उरलेल्या 40 सेंटिमीटरच्या पट्टीत खोकी आडवी फिरवून चार. एकूण दहा, आणि पॅलेटवर बोटभरही जागा शिल्लक नाही. मालाची उंची 150 सेंटिमीटर ठेवली, तर पाच थर, म्हणजे पन्नास खोकी.

आता त्याच खोक्याची प्रत्येक बाजू फक्त दोन सेंटिमीटरने वाढवा: 42, 32, 32. आतला माल तोच, कोणीतरी कडेला जरा जास्त कागद भरायचं ठरवलं एवढंच. अशी खोकी एका थरात आठच बसतात, कशीही फिरवली तरी. उंचीतही पाचवा थर बसत नाही, चारच होतात. आठ चोक बत्तीस. म्हणजे हजार खोक्यांना आधी वीस पॅलेट लागत होती, आता बत्तीस लागतील. ट्रक वाढले, गोदामातली जागा वाढली, फोर्कलिफ्टच्या फेऱ्या वाढल्या, पॅलेटला गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म वाढली. आणि हे सगळं डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर, पॅलेटचं माप न बघता झालं.

म्हणून पॅकेजिंग ठरवणाऱ्या माणसाला एक दिवस डॉकवर आणून उभं करावं, असं मला मनापासून वाटतं. खोक्याचं माप पॅलेटवरून ठरवायचं, पॅलेटची रचना कंटेनर किंवा ट्रकच्या आतल्या मापावरून. चाळीस फुटी कंटेनर आतून साधारण 12 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो. ही मापं डिझाइनरच्या समोर भिंतीवर लावलेली असावीत. कायदाही आता याच दिशेने सरकतोय. युरोपीय संघाच्या 2025 च्या पॅकेजिंग नियमांत ऑनलाइन ऑर्डरच्या आणि वाहतुकीच्या पॅकिंगमध्ये रिकामी जागा 50 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी अशी तरतूद आहे, आणि ती 2030 पासून लागू करायची आहे. त्यात कागदाचे बोळे, बबल रॅप, हवेच्या पिशव्या यांनी भरलेली जागासुद्धा रिकामीच धरली जाते.

परत वापरायच्या प्लास्टिकच्या क्रेटबद्दल थोडं सावध राहावं. क्रेट चांगले असतात, पण जाण्या-येण्याचं अंतर कमी असेल, ते नियमित परत येत असतील आणि घडी घालून परत येत असतील, तरच. शेकडो किलोमीटरवरून रिकामे क्रेट आणायला वेगळा ट्रक धाडावा लागत असेल, तर पुठ्ठ्याचं चांगलं खोकं आणि वापरून झाल्यावर त्याचं नीट रीसायकलिंग बरं.

रस्त्यावर

परतीची रिकामी फेरी हा वाहतुकीतला जुना आजार आहे. युरोपीय संघाच्या आकडेवारीत मालवाहू ट्रकच्या एकूण धावेपैकी साधारण एक पंचमांश किलोमीटर रिकामे असतात, आणि तिथे नियोजनाची साधनं मुबलक आहेत. आपल्या ट्रकला परतीचं भाडं मिळावं म्हणून दुसऱ्या कंपनीशी, प्रसंगी स्पर्धकाशीही, बोलायला हवं. एकाच भागातल्या चार पुरवठादारांकडून चार ट्रक येत असतील, तर एकच ट्रक चौघांकडे फिरवून माल गोळा करता येतो. याला मिल्क रन म्हणतात.

वेगाचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ट्रकचा वेग ताशी 90 वरून 80 वर आणला, तर हवेचा अडथळा पाचव्या हिश्शाने कमी होतो. जहाजाचं गणित आणखी ठळक आहे. इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग 10 टक्के कमी केला तर शक्ती 27 टक्क्यांच्या आसपास कमी लागते. प्रवास लांबतो, तो हिशोबात धरूनही इंधन 19 टक्क्यांच्या आसपास वाचतं. 2008 च्या मंदीनंतर जहाज कंपन्यांनी सावकाश जायला सुरुवात केली ती खर्चासाठी, पण इंधन वाचलंच.

टायरमधली हवा, चालकाचं प्रशिक्षण, मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर, या गोष्टींवर भरपूर लिहिलं गेलंय. त्या कराव्यात, फायदा होतो. मला त्यापेक्षा डॉकबाहेरच्या रांगेबद्दल बोलायचंय. ट्रक वेळेवर येतो, गोदाम तयार नसतं, आणि चालक इंजिन चालू ठेवून तासन्‌तास थांबतो. उभ्या मोठ्या ट्रकचं इंजिन तासाला 2 ते 3 लिटर डिझेल पितं. प्रत्येक ट्रकला आधी वेळ ठरवून दिली आणि ती पाळली, तर ही रांग संपते. चालकांना बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह असेल, तर केबिन थंड किंवा गरम ठेवण्यासाठी इंजिन चालू ठेवायची गरजही उरत नाही. चालकाला माणसासारखं वागवणं आणि डिझेल वाचवणं, इथे एकाच कामात होतं.

गोदामाच्या आत

साध्या गोदामाचा वाटा वाहतुकीपेक्षा सहसा कमी असतो. एलईडी दिवे, कोणी नसलेल्या रांगेत दिवे आपोआप बंद करणारे सेन्सर, छतात पारदर्शक पत्रे, ही कामं पटकन होतात आणि पैसेही पटकन वसूल होतात. छतावर सोलर पॅनेल लावायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात: छत ते वजन पेलेल का, आणि छताचं पुढचं मोठं काम कधी आहे. पाच वर्षांनी पत्रे बदलायचे असतील, तर ते आधी बदलून मग पॅनेल लावलेली बरी.

फोर्कलिफ्ट डिझेलवर चालत असतील, तर त्या विजेवर आणणं सोपं आहे, आणि आत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी गरजेचंही. लेड-ॲसिड बॅटरीला चार्ज व्हायला आठेक तास आणि थंड व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून तीन पाळ्यांच्या कामाला जादा बॅटऱ्या आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली ठेवावी लागते. लिथियम बॅटरी जेवणाच्या सुट्टीतही थोडी चार्ज करून घेता येते.

शीतगृहाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. तिथे विजेचं बिल सगळ्यांना दिसतं, पण वायूची गळती दिसत नाही. जुन्या यंत्रणांमध्ये आर-404ए नावाचा शीतक, म्हणजे यंत्रात फिरून गारवा आणणारा वायू, पुष्कळ ठिकाणी आहे. शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो हवेत गेला, तर 3,922 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. वर्षभरात सांध्यांमधून दहा किलो गळाला, तर ते साडेचौदा हजार लिटर डिझेल जाळल्यासारखं झालं. आणि हे बहुतेक वेळा फक्त तंत्रज्ञाच्या बिलात दिसतं, 'गॅस भरला, 10 किलो' एवढ्या एका ओळीत. शीतगृह असलेल्या कंपनीने गेल्या तीन वर्षांची ही बिलं काढून बेरीज करावी. ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या मॉन्ट्रियल कराराला 2016 मध्ये जोडलेल्या किगाली दुरुस्तीनुसार असे वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी व्हायचेच आहेत. पर्याय म्हणून अमोनिया किंवा खुद्द कार्बन डायऑक्साइडही शीतक म्हणून वापरता येतो. अमोनिया विषारी आहे आणि कार्बन डायऑक्साइडला फार मोठा दाब लागतो, त्यामुळे दोन्हींना जाणकार तंत्रज्ञ हवेत.

दारांकडेही लक्ष हवं. ट्रक आणि डॉकच्या मधल्या फटीतून गार हवा दिवसभर बाहेर जात असेल, तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते बाहेरची हवा गार करत बसतं. झटकन उघडणारी-मिटणारी दारं आणि ट्रकभोवती घट्ट बसणारी गादी, एवढ्याने बराच फरक पडतो. गोठवलेला माल उणे 18 ऐवजी उणे 15 अंशांवर ठेवावा, अशी मोहीमही 2023 मध्ये कॉप28 या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या वेळी सुरू झाली. ती सगळ्या मालाला लागू पडेलच असं नाही, आणि कायद्याने ठरलेलं तापमान मनाने बदलता येत नाही. पण अनेक शीतगृहं भीतीपोटी उणे 22-23 अंशांवर चालतात. तिथून नियमाच्या पातळीपर्यंत येण्यात कसलीच जोखीम नाही, फक्त तापमापक भरवशाचे हवेत.

आता गाडी आणि इंधन

इलेक्ट्रिक ट्रकसाठी सगळ्यात सोपा मार्ग कोणता? रोज ठरलेला, फार लांब नसलेला, आणि रात्री गाडी तळावर परत येणारा. शहरातलं वाटप यात चपखल बसतं, कारण थांबत-थांबत चालताना ब्रेक लावल्यावर ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. शिवाय विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोचवते, तर डिझेल इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते. त्यामुळे वीज पूर्ण स्वच्छ नसली तरी अनेक ठिकाणी एकूण उत्सर्जन कमीच भरतं. अडचण येते ती तळावर. दहा ट्रक एकाच वेळी चार्ज करायला जादा वीजजोड आणि ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची मंजुरी ट्रक यायच्या पुष्कळ आधी मागावी लागते.

लांब पल्ल्यासाठी एचव्हीओ, म्हणजे वापरलेल्या खाद्यतेलासारख्या गोष्टींपासून केलेलं डिझेल, आहे त्याच इंजिनात चालतं. पण ते तेल खरोखर टाकाऊ आहे का, याचा पुरावा मागावा. नवं पामतेल त्यात मिसळलं, तर जंगलतोडीचा हिशोब मागून येतो. समुद्रावर मिथेनॉलवर चालणारी कंटेनर जहाजं 2023 पासून दिसू लागली आहेत. लॉरा मर्स्क हे त्यातलं पहिलं. तेही मिथेनॉल कशापासून बनवलंय यावरच स्वच्छ की नाही ते ठरतं. एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला, मुख्यतः मिथेन असलेला नैसर्गिक वायू, याबाबत मी साशंक आहे, कारण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन हा फार तीव्र हरितगृह वायू आहे आणि थोडी गळतीही बराचसा फायदा खाऊन टाकते.

झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट (दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन-कपातीचं श्रेय) विकत घेऊन डिलिव्हरी 'कार्बन न्यूट्रल' झाल्याचं खोक्यावर छापण्याचा मोह टाळावा. युरोपीय संघात भरपाईच्या आधारावर उत्पादनाबद्दल असा दावा करायला 27 सप्टेंबर 2026 पासून बंदी आहे. इतरत्रही जाणकार ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतील की प्रत्यक्ष डिझेल किती कमी जळलं.

शेवटी प्रश्न उरतो वाहतूकदारांचा, कारण बहुतेक कंपन्यांचा माल दुसऱ्यांच्याच गाड्यांतून जातो. त्यातले कितीतरी जण दोन-चार ट्रकचे मालक असतात. त्यांना वर्षभराचं कंत्राट द्यायचं, दर दरवर्षी खाली आणायचे, आणि वर इलेक्ट्रिक ट्रकची अपेक्षा करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. एक वर्षाच्या कंत्राटावर बँक त्यांना पाच वर्षांचं कर्ज कशाच्या जोरावर देईल? पुढच्या निविदेत कंत्राटाची मुदत तीन ते पाच वर्षांची ठेवा. प्रत्येक मार्गावर किती लिटर डिझेल लागलं आणि गाडी किती भरलेली होती, ही माहिती मागा आणि ती देण्यासाठी थोडा जादा दर द्या. बचत झाली तर ती वाटून घ्यायची अट लिहा. आणि आपल्याच डॉकवर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावं लागलं, तर त्या तासांचे पैसे कंपनीने द्यायचे, हेही त्याच कागदावर असू द्या.